रस्त्यावरचे लहान भिंग

वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात आपण राज्यांचे, धर्मांचे आणि थोर पुरुषांचे इतिहास ऐकत आला आहात. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, ती मुठीत मावणारी आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवलेले लहान भिंग ही ती वस्तू. रस्त्याने जाणाऱ्या माणसाचे, त्याला न अडवता, न बिचकवता छायाचित्र घ्यावयाचे असेल तर भिंग कोणते निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता हौशी मंडळींचा व दुकानदारांचा दिसतो. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. ज्याला आपण ओळखत नाही आणि ज्याने आपल्याला परवानगी दिलेली नाही, अशा माणसाकडे किती जवळून व कोणत्या रीतीने पाहावे? गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे भिंग घडवणारे आणि ते वापरणारे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदमच देत आले आहेत.

आरंभ पॅरिसपासून करू. १८३८ साली लुई दागेर याने आपल्या खिडकीतून बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता रहदारीचा होता, गाड्याघोड्यांनी गजबजलेला होता. पण चित्रात तो ओसाड दिसतो. काचेतून येणारा प्रकाश मुलाम्याच्या पत्र्यावर उमटण्यास काही मिनिटे लागत, आणि तेवढ्या वेळात चालती माणसे आली-गेली तरी त्यांचा माग उमटत नसे. एकच माणूस त्या पत्र्यावर राहिला. तो बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा होता. छायाचित्रात सापडलेला रस्त्यावरचा हा पहिला माणूस समजला जातो. आपण इतिहासात जात आहोत याची त्याला कल्पनाही नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा पुढचा सारा वाद या एका माणसापाशी सुरू होतो.

१८४० साली व्हिएन्नाचे गणिती योझेफ पेट्झ्व्हाल यांनी अधिक उजेड घेणारे भिंग गणिताने आखले आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आणले. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची रीत काढली. तथापि या रीतीत काच तेथल्या तेथे लेपावी लागे, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर तिकाटणे, अंधारी राहुटी आणि औषधांच्या बाटल्या यांचा लवाजमा आलाच. आपल्याकडे ही विद्या लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक होते. त्या काळच्या चित्रांतील माणसे ताठ बसलेली, श्वास रोखलेली दिसतात. तो त्यांचा स्वभाव नव्हे. संथ काचेने घातलेली ती अट होती.

ही अट १८७१ नंतर सुटली. त्या वर्षी रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती जाहीर केली. पुढच्या दहा वर्षांत ती इतकी सुधारली की सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटू लागले. आता कॅमेरा हातात धरता येऊ लागला आणि हातात धरता येतो म्हटल्यावर तो लपवताही येऊ लागला. १८८० नंतरच्या दशकात ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ हा शब्द युरोप-अमेरिकेत रूढ झाला. कोणी पेटीच्या रूपात, कोणी पुस्तकाच्या रूपात, कोणी टोपीत कॅमेरा दडवू लागले. १८८६ सालचा स्टर्न यांचा कॅमेरा तर थाळीसारखा चपटा होता. तो जाकिटाच्या आत गळ्यात अडकवायचा, भिंग गुंडीच्या काजातून बाहेर काढायचे आणि खाली लोंबणारी दोरी ओढायची. एका गोल काचेवर सहा गोल चित्रे येत.

नॉर्वेच्या राजधानीत कार्ल स्टर्मर नावाच्या विद्यार्थ्याने १८९३ पासून काही वर्षे हा कॅमेरा अंगावर वागवला. तो ओळखीच्या माणसास वाकून नमस्कार करी आणि त्याच क्षणी खिशातल्या हाताने दोरी ओढी. अशी शेकडो चित्रे त्याने घेतली व त्यांत नाटककार इब्सेनही सापडले. हाच विद्यार्थी पुढे नामांकित गणिती आणि ध्रुवीय प्रकाशाचा संशोधक झाला. लंडनमध्ये त्याच सुमारास पॉल मार्टिन नावाचा लाकडावर ठसे कोरणारा कारागीर काखेत पार्सलासारखी पेटी घेऊन बाजारात आणि समुद्रकाठी हिंडत होता. बर्फवाला, मासळीवाली, वाळूवर लवंडलेली सुटीची गर्दी असे जे लोक पैसे खर्चून स्टुडिओत कधीच गेले नसते, ते त्याच्या काचांवर आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा सामान्य इंग्रज कसा चालत होता, कसा हसत होता हे आज आपल्याला कळते ते या लपवलेल्या पेटीमुळे.

पण याची दुसरी बाजू लोकांच्या तत्काळ लक्षात आली. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर चित्रांचा गुंडाळा भरलेला कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरला विकावयास काढला आणि कॅमेरा धनिकांच्या व शास्त्रज्ञांच्या हातून कोणाच्याही हातात जाऊ लागला. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८९० मध्ये, अमेरिकेतील सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर एक निबंध लिहिला. त्यात क्षणार्धात घेतल्या जाणाऱ्या छायाचित्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. पूर्वी चित्र काढायचे तर माणसास समोर बसावे लागे, म्हणजे त्याची संमती आपोआपच मिळत असे. आता ती न घेता चित्र काढता येते, तेव्हा कायद्याने नवा आधार दिला पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या विचाराच्या मुळाशी जाऊ लागलो की वाटेत या निबंधाची आणि त्या लहान कॅमेऱ्याची गाठ पडते.

येथे थोडे भिंगशास्त्र सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून पुढची निवड समजणार नाही. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर स्पष्ट पडते त्यास केंद्रांतर म्हणतात. केंद्रांतराला भिंगाच्या छिद्राच्या व्यासाने भागले की येणाऱ्या आकड्याला ‘एफ’ आकडा म्हणतात. ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगाचे छिद्र १४ मिलिमीटर असेल तर तो एफ/३.५ झाला, २५ मिलिमीटर असेल तर एफ/२ झाला. आकडा लहान तितका उजेड जास्त. एफ/२ चे भिंग एफ/३.५ च्या तिप्पट उजेड आत घेते. मग सर्वांनी मोठ्या तोंडाचेच भिंग का घेऊ नये? कारण काचेचा व्यास दुप्पट केला आणि आकार तोच ठेवला, तर वजन आठपट होते. शिवाय मोठ्या तोंडाच्या कडांतून येणारे किरण वेडेवाकडे वळतात आणि त्यांना ताळ्यावर आणण्यास आणखी काचा लागतात. म्हणजे अंधाराशी जितकी झुंज द्यावी तितके भिंग लठ्ठ होते, आणि भिंग जितके लठ्ठ तितके ते समोरच्या माणसाच्या डोळ्यांत भरते.

या ओढाताणीतून पहिली चांगली वाट काढली ती जर्मनीतील येना गावच्या त्साइस कारखान्यातील पाउल रुडॉल्फ यांनी. १९०२ साली त्यांनी टेस्सार हे भिंग रचले. त्यात काचा अवघ्या चार आणि त्यांतील शेवटच्या दोन एकमेकींस चिकटवलेल्या. एवढ्या थोड्या काचांत इतकी रेखीव प्रतिमा येऊ शकते हे पाहून सारा व्यवसाय चकित झाला. आज सव्वाशे वर्षांनंतरही लहान भिंगांच्या घराण्यात या चार काचांचे वंशज आढळतात.

दुसरी वाट काढणारे ऑस्कर बार्नाक हे वेट्झलार गावी लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्यात १९११ पासून कामाला होते. त्यांना दम्याचा विकार होता आणि जड पेटी व काचा घेऊन डोंगर चढणे त्यांना झेपत नसे, असे सांगतात. त्यांनी विचार उलटा केला. चित्र मोठे हवे म्हणून काच मोठी, काच मोठी म्हणून पेटी मोठी, ही साखळीच का ठेवावी? मूळ चित्र लहान घ्यावे आणि मागाहून कागदावर वाढवावे. त्यासाठी त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली व तिच्यावर सिनेमाच्या दोन चौकटी मिळून २४ बाय ३६ मिलिमीटरची एक चौकट केली. १९१४ पर्यंत त्यांचा नमुना तयार होता. पण महायुद्ध आले आणि मागून जर्मनीची आर्थिक दुर्दशा आली. १९२४ साली, दिवस कठीण असताना, मालक एर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांनी हा कॅमेरा काढण्याचा निर्णय घेतला. १९२५ च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला.

लहान चौकट वाढवायची म्हणजे मूळ प्रतिमा अतिशय रेखीव हवी, आणि ते काम पडले माक्स बेरेक या भिंगतज्ज्ञांवर. प्रथम त्यांनी पाच काचांचे भिंग केले. मग ते चार काचांच्या ‘एल्मार’वर आले. त्याचे केंद्रांतर ५० मिलिमीटर व उजेड एफ/३.५ होता. एल्मारची खरी खुबी त्याच्या नळीत होती. काम नसेल तेव्हा नळी आत ढकलली की भिंग कॅमेऱ्याच्या पोटात बसे आणि कॅमेरा कोटाच्या खिशात जाई. काम पडले की ओढून, पिळून अडकवायचे की झाले. बेरेक यांना याहून मोठ्या तोंडाचे भिंग आखता आले नसते असे नाही. पुढे त्यांनी ते केलेही. पण कॅमेरा सदैव जवळ बाळगता यावा आणि चारचौघांत तो डोळ्यांत खुपू नये, यासाठी उजेडाचा थोडा त्याग करणे त्यांना व बार्नाक यांना योग्य वाटले. आमच्या मते या विषयाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होय.

याच्या अगदी उलट निवड त्याच वर्षांत झाली, तीही पाहू. १९२४ च्या सुमारास ड्रेस्डेनहून एर्मानॉक्स नावाचा कॅमेरा निघाला. त्याचे भिंग लुडविग बेर्टेले यांनी रचले होते. त्याची ताकद एफ/२, पुढे एफ/१.८ होती. पेटी लहान पण भिंगाचे तोंड एवढे विशाल की पेटी भिंगाच्या मागे लपावी. डॉ. एरिख सालोमोन या कायदेपंडिताने हा कॅमेरा घेऊन दिव्याच्या उजेडात, स्फोटक पूड न पेटवता, न्यायालयातील आणि परिषदांतील चित्रे घेतली. १९२८ साली एका खुनाच्या खटल्यात त्याने तो टोपीत दडवून नेला होता. रात्रीच्या बैठकीत जांभया देणारे मंत्री जगाने प्रथम पाहिले ते त्याच्यामुळे. फ्रान्सचे मुत्सद्दी ब्रियां यांनी १९३१ साली एका मेजवानीत त्याच्याकडे बोट दाखवले, तो क्षणही त्याने टिपला आहे. तथापि सालोमोनचे सावज सत्ताधारी होते, हे विसरू नये. जे लोक बंद दाराआड जगाचे भवितव्य ठरवतात, त्यांच्याकडे चोरून पाहणे एक आणि आगगाडीत डुलक्या घेणाऱ्या गिरणी कामगाराकडे चोरून पाहणे दुसरे. हा सालोमोन ज्यू होता, आणि १९४४ साली आउशविट्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला.

सामान्य माणसाकडे चोरून पाहण्याचे दोन प्रसिद्ध दाखले अमेरिकेतले आहेत. पॉल स्ट्रँड यांनी १९१६ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत चित्रे घेतली, तेव्हा कॅमेऱ्याच्या एका बाजूस चकचकीत खोटे भिंग बसवले होते. लोकांना वाटे, हा गृहस्थ तिकडचे चित्र घेतो आहे. खरे भिंग मात्र त्यांच्याकडे रोखलेले असे. त्या मालिकेतील सर्वांत गाजलेले चित्र एका आंधळ्या बाईचे आहे. तिच्या गळ्यात ‘आंधळी’ अशी पाटी आहे. तेथे त्या खोट्या भिंगाची गरजही नव्हती. ते चित्र थोर आहे, आणि ते पाहताना मनाला लागणारी टोचणीही खरी आहे. दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात.

दुसरा दाखला वॉकर एव्हान्स यांचा. १९३८ ते १९४१ या काळात ते न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोरच्या बाकावरील उतारूंची चित्रे घेत. त्यांनी ३५ मिलिमीटरच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळे केले होते. कॅमेरा कोटाखाली असे, भिंग दोन गुंड्यांमधून डोकावे आणि खटक्याची तार बाहीतून हातापर्यंत आणलेली असे. त्या चेहऱ्यांवर कोणताही मुखवटा नाही. ही चित्रे त्यांनी पुस्तकरूपाने छापली ती १९६६ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तोवर उतारूंची वये, कपडे, नोकऱ्या सारे बदलून गेले होते. त्या प्रवासांत कधी कधी बरोबर असणाऱ्या हेलन लेव्हिट यांनी स्वतः वेगळी युक्ती केली. काटकोनातून पाहणारी दुर्बीण लावून त्या एकीकडे तोंड करून दुसरीकडचे, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांचे, चित्र घेत.

आता आपण त्या माणसाकडे येऊ, ज्याने बार्नाक-बेरेक यांच्या निवडीचे सोने केले. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ साली लायका घेतला. ५० मिलिमीटरचे भिंग त्यांनी जवळजवळ जन्मभर सोडले नाही. कॅमेऱ्याची चकाकी ते काळ्या पट्टीने झाकीत, आणि प्रकाशाचा झोत टाकणे त्यांना असभ्यपणाचे वाटे. त्याच १९३२ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे त्यांनी डबक्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे चित्र घेतले. तेथे दुरुस्तीच्या कामासाठी फळ्यांचे कुंपण घातलेले होते व फळ्यांच्या फटीतून ते पाहत होते. फट भिंगाला पुरती पुरत नव्हती, म्हणून चित्राची डावी बाजू कापली गेली, असे त्यांनीच मागाहून सांगितले आहे. लायकाच्या त्या चिमुकल्या भिंगालाही फट अपुरी पडली, मग आजच्या मोठ्या भिंगांना तेथे शिरकावच मिळाला नसता! विसाव्या शतकातील हे एक सर्वमान्य चित्र भिंगाच्या व्यासावर अवलंबून होते, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

हाच कॅमेरा घेऊन ते १९४७ च्या अखेरीस आपल्या देशात आले. जानेवारी १९४८ मध्ये ते दिल्लीस होते आणि हत्येपूर्वी थोडाच वेळ आधी ते गांधीजींना भेटले होते. त्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकाशी गांधीजी गेल्याचे सांगणारे पंडित नेहरू आणि दुसऱ्या दिवशीची यमुनाकाठची शोकाकुल गर्दी ही त्यांची चित्रे आपल्या परिचयाची आहेत. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचे जे चित्र घेतले, त्यासाठी त्यांना प्रकाशाचे मोजके तीनच गोळे पेटवण्याची मुभा मिळाली होती. तेही चित्र अजोड आहे. पण त्या रीतीला परवानगी लागते, तयारी लागते. रडणाऱ्या गर्दीत प्रकाशाचा झोत टाकला असता, तर गर्दीने रडणे थांबवून वळून पाहिले असते. आपल्या होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण घेतले आणि दिल्लीत १९४२ पासून तो सारा काळ टिपला. त्या मोठे स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्सही वापरीत. म्हणजे मोठ्या यंत्राने काम होत नाही असे नव्हे. मात्र ते यंत्र स्वतःची दवंडी पिटते, आणि समारंभात ती चालते, रस्त्यात चालत नाही.

इतका इतिहास ध्यानात घेतला म्हणजे भिंग निवडण्याचे नियम आपोआप पुढे येतात. पहिला नियम केंद्रांतराचा. आडव्या चौकटीत पाच-साडेपाच फुटांचा माणूस पायापासून डोक्यापर्यंत बसवायचा, तर ५० मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे साडेतीन मीटर दूर उभे राहावे लागते, ३५ च्या भिंगाने अडीच मीटर, आणि २८ च्या भिंगाने दोन मीटर. ब्रेसाँ यांनी पहिले अंतर पसंत केले. न्यूयॉर्कच्या गॅरी विनोग्रँड यांनी १९६० नंतर पुष्कळ काम २८ मिलिमीटरने, गर्दीत मिसळून, उघडपणे केले. अरुंद गल्लीबोळांच्या गावात साडेतीन मीटर मागे सरकण्यास जागा मिळतेच असे नाही. तेथे ३५ मिलिमीटर हा मध्यम मार्ग पुष्कळांना मानवला आहे.

दुसरा नियम स्पष्टतेच्या पल्ल्याचा. ३५ मिलिमीटरचे भिंग एफ/८ वर ठेवून तीन मीटरवर रोखले, तर साधारण दोन ते सात मीटरपर्यंतचे सारे पुरेसे रेखीव येते. मग डोळ्याला कॅमेरा लावून फिरवीत बसण्याची गरज राहत नाही. जो माणूस आधीच तयार आहे, त्याची हालचाल थोडकी होते आणि थोडकी हालचाल कोणाला बिचकवत नाही. तसेच ५० मिलिमीटरचे भिंग एफ/८ वर लावले तर दूरवरचे सारे रेखीव ठेवून जवळची मर्यादा पाच मीटरच्या आसपास राहते, ३५ ला ती अडीच मीटरवर येते. लहान केंद्रांतराचा हा मोठा लाभ आहे.

तिसरा नियम उजेडाचा. १९५४ साली ३५ मिलिमीटर फिल्मीत कोडॅकची तेज ट्राय-एक्स आली आणि संथ भिंगावरचा जाच पुष्कळ हलका झाला. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांचे संवेदक तिच्याही पुष्कळ पुढे गेले आहेत. म्हणून दिवसा व सायंकाळी रस्त्यावर काम करणाऱ्यास एफ/२.८ पुरे होते. एफ/१.४ चे तोंड त्याच केंद्रांतराला दुप्पट व्यासाचे असते, आणि रात्रीचे काम नसेल तर त्याचे ओझे व्यर्थ वाहावे लागते.

चौथा नियम लांबीचा, आणि येथे कॅमेऱ्याची जात पाहावी लागते. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा हलण्यास जागा सोडावी लागते. म्हणून त्यावरची कमी केंद्रांतराची भिंगे उलट्या रचनेने लांब करावी लागली. १९५० साली फ्रान्सच्या पिएर आंजेन्यो यांनी ही रचना बाजारात आणली. त्या कॅमेऱ्यांना चपटी भिंगे साधली ती ४० ते ४५ मिलिमीटरची, जुन्या टेस्सारच्या वळणाची. त्यांना इंग्रजीत ‘पॅनकेक’ म्हणजे आपल्या घावनासारखी चपटी असे म्हणतात. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना ही अडचण नव्हती. १९७९ साली ऑलिम्पसच्या योशिहिसा मैतानी यांनी एक्सए या कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरचे भिंग इतके आखूड केले की नळी बाहेर येण्याचीही गरज उरली नाही. १९९६ च्या रिको जीआर-वन मध्ये २८ मिलिमीटरचे भिंग खिशात जाणाऱ्या पेटीत बसले. बार्नाक यांची इच्छा अशी पिढ्यानुपिढ्या पुरी होत गेली. आज ती प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये, शर्टाच्या गुंडीहून लहान काचेच्या रूपाने, पुरी झालेली आहे.

आणि म्हणूनच मूळ प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे. स्टर्नच्या कॅमेऱ्यातील सहा चित्रे कपाटात राहत. एव्हान्स यांची चित्रे पुस्तकात येण्यास पंचवीस वर्षे लागली. आज रस्त्यात घेतलेले चित्र तो माणूस घरी पोहोचण्यापूर्वी गावभर होते. भांडी घासून थकून परतणाऱ्या बाईचा चेहरा, दवाखान्याच्या पायरीवर रडणारा बाप, भाजीच्या टोपल्यामागे पेंगणारी मुलगी यांची चित्रे घेण्यास कॅमेऱ्याला आता कसलीच अडचण राहिलेली नाही. पूर्वी यंत्राची अवजडता जो संयम आपल्यावर लादीत असे, तो आता आपणच पाळावयाचा आहे.

काही जण म्हणतील, मग अशी चित्रे घेणेच सोडावे. आम्हांस ते मान्य नाही. पॉल मार्टिनची मासळीवाली नसती, तर तिच्या काळाची आठवण राजवाड्यांच्या चित्रांतूनच उरली असती. ज्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही त्यांचा इतिहास रस्त्यावरच्या छायाचित्रात राहतो, आणि आपल्या गावांच्या पेठा, गिरण्या, चाळी डोळ्यांदेखत बदलत असताना हे काम कोणीतरी केलेच पाहिजे. पण लपणे आणि न खुपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गुंडीच्या काजातून पाहणारा लपतो. लहान भिंग हातात उघड धरून गर्दीत उभा राहणारा खुपत नाही, परंतु कोणी वळून पाहिले तर तो दिसतो. त्याला हसून मान लववता येते, चित्र दाखवता येते, आणि समोरच्याने नको म्हटले तर पुसताही येते. आमची शिफारस या दुसऱ्या रीतीची आहे.

म्हणून कोणी आम्हांस विचारले की भिंग कोणते घ्यावे, तर आम्ही सांगू की ३५ मिलिमीटरच्या आसपासचे, एफ/२.८ किंवा थोडे संथ, काळ्या रंगाचे, बोटाच्या दोन पेरांहून लांब नसलेले घ्यावे. पैसे उरले तर मोठे भिंग घेण्यात ते घालवू नयेत. आपल्याच गावातील एखादी पेठ धरावी आणि वर्षभर तेथे जात राहावे. काही महिन्यांनी त्या पेठेतील लोक तुम्हांला ओळखू लागतील, चहा विचारतील, आणि त्यानंतर भिंगाचा व्यास किती याची फारशी फिकीर करावी लागणार नाही. काढलेल्या चित्रांच्या काही प्रती कागदावर करून त्या लोकांना नेऊन द्याव्यात. बुलव्हार द्यू तांप्लवर बूट पुसून घेणाऱ्या त्या गृहस्थास आपले चित्र कधी पाहावयास मिळाले असेल असे वाटत नाही. आपल्या पेठेतील माणसाच्या बाबतीत तसे होण्याचे आता काहीच कारण नाही.